जन्मभूमि आणि नागरिकत्व

'जन्मसिद्ध हक्क' हा शब्द लोकमान्य टिळकांमुळें मराठी माणसाच्या जिभेवर असा कांहीं बसला आहे कीं, तो उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें एक जागें झालेलें राष्ट्र उभें राहतें. परंतु हाच शब्द कायद्याच्या ग्रंथांत शोधूं गेल्यास तेथें राष्ट्र दिसत नाहीं. दिसतें तें एक तान्हें मूल. त्याला बोलतां येत नाहीं, हक्क म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, आणि आपण कोणत्या देशांत जन्मास यावें याविषयीं त्याचें मत कोणीं विचारलेलेंहि नाहीं. अशा अजाण जीवास, केवळ तो अमुक भूमीवर जन्मला एवढ्याच कारणास्तव, त्या देशाचें पूर्ण नागरिकत्व द्यावें कीं नाहीं, हा तो प्रश्न. मूल स्वदेशीयांचें असेल तर वाद उपस्थितच होत नाहीं. वाद होतो तो परक्या आईबापांच्या मुलाविषयीं. आणि एखादें राष्ट्र आपणांस काय समजतें हें त्या वादांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें त्याच्या उत्सवांतल्या भाषणांत दिसत नाहीं.

हा प्रश्न अलीकडे पुनः चव्हाट्यावर आला आहे. २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेचें अध्यक्षपद दुसऱ्यांदा स्वीकारतांच डोनाल्ड ट्रंप यांनीं एक हुकूम काढला. आई त्या देशांत बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर परंतु तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल, आणि बाप नागरिक अथवा कायमचा रहिवासी नसेल, तर तेथें जन्मलेल्या मुलास नागरिक मानूं नये, असा त्या हुकुमाचा आशय होता. तीनच दिवसांत सीॲटल येथील न्यायालयानें त्यास मनाई केली. जून २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कनिष्ठ न्यायालयांच्या देशव्यापी मनाईहुकुमांस मर्यादा घातल्या, पण मूळ प्रश्नाचा निर्णय दिला नाहीं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो मूळ प्रश्न सुनावणीस घेतला. पुणें, ठाणें, नाशिक येथून संगणकाच्या नोकरीवर गेलेलीं अनेक मराठी जोडपीं या 'तात्पुरत्या' वर्गांत मोडतात. तेव्हां हा वाद आम्हांस परका राहिलेला नाहीं. तथापि वर्तमानपत्रांनीं रोज करावयाचें काम मासिकानें करूं नये. न्यायाधीश काय म्हणतील याचें भाकीत करण्याऐवजीं हा नियम आला कोठून, कोणाकरितां आला, आणि ज्या कुटुंबांशीं त्याचा संबंध आला त्यांस त्यानें काय दिलें व काय दिलें नाहीं, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

मनुष्य कोणत्या राज्याचा, हें ठरविण्याच्या दोन रीति युरोपांत फार पूर्वीपासून चालत आल्या. एक म्हणते, त्याचे आईबाप कोण तें पाहा. दुसरी म्हणते, त्याची नाळ कोठें पुरली तें पाहा. पहिलीस आपण रक्ताचा नियम म्हणूं व दुसरीस भूमीचा. भूमीचा नियम हें उदारमतवादाचें अपत्य असावें असें आजच्या वाचकास वाटण्याचा संभव आहे. परंतु इतिहास तसें सांगत नाहीं. या नियमाचें मूळ सरंजामी आहे. राजाच्या जमिनीवर जो जन्मला तो राजाचा, शेतांत उगवलेलें झाड जसें शेतमालकाचें, असा तो हिशेब होता. १६०३ सालीं स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. त्यानंतर स्कॉटलंडांत जन्मलेल्या रॉबर्ट कॅल्व्हिन नांवाच्या बालकास इंग्लंडांत जमीन धारण करतां येईल कीं तो तेथें परका समजावा, असा तंटा उत्पन्न झाला. १६०८ सालीं न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, राजा एक म्हणून निष्ठाहि एक. जन्मतःच जो त्या राजाच्या छत्राखालीं आला तो इंग्लंडांत परका नव्हे. सर एडवर्ड कोक यांनीं लिहून ठेवलेला हा निकाल पुढें इंग्रजी कायद्याचा आधारस्तंभ झाला. उलट फ्रान्समध्यें क्रांतीनंतर १८०४ च्या दिवाणी संहितेनें बापाच्या रक्तास प्राधान्य दिलें. म्हणजे ज्याला आपण आज उदार म्हणतों तो नियम राजेशाहीच्या पोटीं जन्मला, आणि ज्याला संकुचित म्हणतों तो क्रांतीनंतरच्या नव्या व्यवस्थेंत स्थिर झाला. तेव्हां या दोहोंपैकीं कोणताहि नियम स्वभावतःच पवित्र आहे असें मानण्याचें कारण नाहीं. तो कोणाच्या हातीं पडतो आणि कोणत्या अन्यायावर योजला जातो, यावर त्याची योग्यता अवलंबून असते.

अमेरिकेंत तो ज्या अन्यायावर योजला गेला तो लहानसहान नव्हता. इंग्रजांच्या वसाहतींनीं स्वातंत्र्य मिळविल्यावर राजा गेला, पण त्याचा हा नियम मागें राहिला. गोऱ्या परदेशीयांच्या मुलांस तो बिनबोभाट लागू होत असे. मात्र १७८७ च्या राज्यघटनेंत नागरिक कोण याची व्याख्याच नव्हती, आणि त्या मौनाचा फायदा गुलामगिरीनें घेतला. ड्रेड स्कॉट नांवाच्या गुलामानें आपल्या स्वातंत्र्यासाठीं लावलेल्या दाव्यांत, ६ मार्च १८५७ रोजीं, सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनीं असें ठरविलें कीं, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, मग ते स्वतंत्र का असेनात, अमेरिकेचे नागरिक असूं शकत नाहींत. त्याच भूमीवर ज्यांच्या अनेक पिढ्या जन्मल्या, राबल्या आणि मातीस मिळाल्या ते परके. आणि काल बोटींतून उतरलेल्या आयरिश मजुराचें आज जन्मलेलें मूल मात्र नागरिक! या निकालास उत्तर देण्यास १८६१ ते १८६५ असें चार वर्षांचें यादवी युद्ध व्हावें लागलें, आणि त्या रक्तांतून ९ जुलै १८६८ रोजीं चौदावी घटनादुरुस्ति संमत झाली. अमेरिकेंत जन्मलेली व तिच्या अधिकारकक्षेंत असलेली प्रत्येक व्यक्ति अमेरिकेची नागरिक होय, असें तिच्या पहिल्याच वाक्यानें सांगितलें. त्या वाक्यांत काळा, गोरा, गुलाम, स्वतंत्र यांपैकीं एकहि शब्द नाहीं, आणि तो नाहीं हेंच त्याचें सामर्थ्य आहे.

हें वाक्य केवळ पूर्वीच्या गुलामांपुरतें होतें, परदेशीयांच्या मुलांचा विचार त्या वेळीं कोणाच्या मनांतहि नव्हता, असें पुष्कळदां प्रतिपादन केलें जातें. तें बरोबर नाहीं. ३० मे १८६६ रोजीं सीनेटांत चर्चा चालली असतां पेनसिल्व्हेनियाचे सभासद एडगर कोवन यांनीं नेमका हाच आक्षेप घेतला: चिनी लोकांच्या आणि जिप्सींच्या मुलांसहि आपण नागरिक करणार काय? कॅलिफोर्नियाचे सभासद जॉन कॉनेस यांनीं उठून सांगितलें कीं, होय, चिनी आईबापांच्या मुलांसहि हें लागू व्हावें, आणि त्यांत कॅलिफोर्नियास भय मानण्याचें कारण नाहीं. कॉनेस हे स्वतः आयर्लंडांत जन्मलेले होते. मत देणाऱ्यांस आपण काय करीत आहों हें कळत होतें.

येथें एका तारखेकडे लक्ष वेधल्यावांचून राहवत नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि तें त्यांनीं गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेशीं झगडणाऱ्या पुण्याच्या या सुधारकास सातासमुद्रांपलीकडील ती घटना आपलीशी वाटली. जन्म या गोष्टीचा उपयोग आमच्याकडे माणसांमाणसांत भिंती उभारण्यासाठीं हजारों वर्षें झाला. तिकडे चौदाव्या दुरुस्तीनें तोच जन्म समतेचें साधन म्हणून वापरला. आणि योगायोग असा कीं, न्यायालयाच्या निकालपत्रांत नोंदल्याप्रमाणें त्याच १८७३ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत एका चिनी दुकानदाराच्या घरीं तें मूल जन्मास आलें, ज्याच्या नांवानें या दुरुस्तीची खरी परीक्षा व्हावयाची होती. त्याचें नांव वाँग किम आर्क.

वाँगच्या बालपणीं कॅलिफोर्नियांतील हवा झपाट्यानें पालटत होती. सोन्याच्या खाणींसाठीं आणि १८६९ सालीं पुऱ्या झालेल्या रेल्वेसाठीं चिनी मजूर हवे होते. काम संपतांच ते नकोसे झाले. १७९० च्या कायद्यानें परदेशीयास नागरिक होण्याची मुभा फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसांस होती. १८७० सालीं त्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, पण आशियाच्या लोकांस दार बंदच राहिलें. १८८२ सालीं चिनी मजुरांच्या आगमनावर बंदी आली. १८८८ सालीं तर ज्यांस परत येण्याचे दाखले सरकारनेंच दिले होते ते दाखलेहि रद्द ठरविण्यांत आले, आणि आप्तांस भेटण्यास मायदेशीं गेलेले सुमारें वीस हजार चिनी समुद्रापलीकडे अडकून पडले. येणेंप्रमाणें वाँगच्या आईबापांनीं त्या देशांत शंभर वर्षें काढलीं असतीं तरी ते नागरिक होऊं शकले नसते. त्यांच्या परकेपणास अंत नव्हता. प्रश्न एवढाच होता कीं, हें परकेपण वडिलोपार्जित कर्जाप्रमाणें मुलाच्याहि माथीं बसावें काय?

वाँग मोठा होऊन स्वयंपाक्याचें काम करूं लागला. १८९० सालीं तो चीनला जाऊन आला, तेव्हां येथेंच जन्मलेला नागरिक म्हणून बंदरावर त्यास आंत घेण्यांत आलें. १८९४ सालीं तो पुनः गेला. जातांना, पुढें अडचण नको म्हणून, त्यानें गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचा ओळखीचा दाखला करून घेतला. नागरिकास आपल्याच घरीं परतण्यासाठीं दुसऱ्यांच्या सह्या लागाव्यात यांतच सर्व कांहीं आलें. ऑगस्ट १८९५ मध्यें तो परतला तेव्हां जकातीच्या अधिकाऱ्यानें त्यास उतरूं दिलें नाहीं. दाखल्यांत खोट नव्हती. अधिकाऱ्याचें म्हणणें असें कीं, तो तेथें जन्मला खरा, पण चिनी आईबापांच्या पोटीं जन्मला म्हणून नागरिक नव्हे. जन्मगांव डोळ्यांसमोर दिसत असतां वाँगला चार महिन्यांहून अधिक काळ बंदरांतच एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर हलवीत अडकवून ठेवण्यांत आलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी व्यापारी मंडळांनीं त्याच्यासाठीं वकील दिला, आणि जानेवारी १८९६ मध्यें जिल्हा न्यायाधीश विल्यम मॉरो यांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला. सरकारनें अपील केलें.

२८ मार्च १८९८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन अशा मतांनीं वाँग हा जन्मतः नागरिक असल्याचें ठरविलें. निकालपत्र न्यायमूर्ति होरेस ग्रे यांनीं लिहिलें. त्यांनीं कॅल्व्हिनच्या खटल्यापासून इंग्रजी कायद्याची परंपरा उलगडून दाखविली, आणि भूमीच्या नियमास अपवाद कोणते तेंहि सांगितलें: परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांचीं मुलें, परकीय सरकारी जहाजांवर जन्मलेलीं मुलें, शत्रूनें व्यापलेल्या प्रदेशांत शत्रूच्या लोकांस झालेलीं मुलें, आणि आपल्या टोळीच्या सत्तेखालीं असलेले मूळचे रेड इंडियन. बाकी सर्व 'अधिकारकक्षेंत' येतात. कारण परदेशीय मनुष्य ज्या देशांत राहतो त्या देशाचे कायदे त्यास पाळावेच लागतात. ग्रे यांचा आणखी एक मुद्दा असा कीं, चिनी मुलास वगळण्यासाठीं हा नियम मोडला, तर ज्यांस आजवर निःशंकपणें नागरिक मानलें त्या इंग्रज, आयरिश, जर्मन आईबापांच्या हजारों मुलांचें नागरिकत्वहि त्याबरोबर जाईल. शेजाऱ्याचें घर पाडतांना आपलीहि भिंत ढासळते, हें त्यांनीं बहुसंख्यांस दाखवून दिलें.

या निकालाच्या इतिहासांत कोणीहि निर्भेळ नायक होऊं शकत नाहीं. १८८४ सालीं, टोळी सोडून शहरांत राहावयास आलेल्या जॉन एल्क या रेड इंडियन माणसास नागरिकत्व नाकारणारा निकाल याच ग्रे यांनीं लिहिला होता; त्या देशाच्या मूळ रहिवाशांस सरसकट नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावें लागलें. त्या वेळीं एल्कच्या बाजूनें भिन्नमत देणारे, आणि १८९६ सालीं काळ्या लोकांसाठीं आगगाडींत वेगळे डबे ठेवण्याविरुद्ध एकटे उभे राहिलेले न्यायमूर्ति जॉन मार्शल हार्लन हे वाँगच्या खटल्यांत मात्र विरुद्ध बाजूस गेले. न्याय हा सत्पुरुषांच्या अंतःकरणावर सोंपवून भागत नाहीं, त्याला लेखी नियमाचा आधार लागतो, हें यावरून दिसतें.

आतां पूर्वपक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे, कारण तें सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. सरन्यायाधीश मेलव्हिल फुलर यांनीं आपल्या भिन्नमतांत म्हटलें कीं, राजाच्या निष्ठेवर उभारलेला सरंजामी नियम प्रजासत्ताकास बंधनकारक नाहीं. नागरिकत्व हें आईबापांच्या राजकीय संबंधावरून ठरावें. आजचे टीकाकार पुढें जाऊन विचारतात कीं, ज्यास राष्ट्रानें आंत बोलाविलेंच नाहीं त्याच्या मुलानें राष्ट्राच्या संमतीवांचून त्याचें घटक कां व्हावें? घर आमचें, तर पाहुणा कोण हें आम्हीं ठरवावें. युक्तिवाद ऐकावयास सोपा आहे. पण राष्ट्र आणि घर यांत एक मोठा भेद आहे. पाहुणा आज ना उद्यां जातो. ज्याला दुसरा देश आठवत नाहीं, दुसरी शाळा माहीत नाहीं, असें तेथेंच वाढलेलें मूल पाहुणा नसतें. त्याला पाहुणा ठरविलें तर तो घरांतच राहतो, फक्त नोकरांच्या खोलींत. त्याचें मूलहि तेथेंच, नातूहि तेथेंच. अशी पिढीजात परक्यांची जात राष्ट्राच्या पोटांत वाढूं देणें म्हणजे काय, हें आम्हां हिंदुस्थानच्या लोकांस पुस्तकांतून शिकावयास नको.

आणि आईबाप या हक्काचा लोभ धरून येतात, हाहि आक्षेप वस्तुस्थितीस धरून पाहावा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें नागरिक झालेल्या मुलास आपल्या आईबापांसाठीं कायम वास्तव्याचा अर्ज करण्यास वयाचीं एकवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात. तोंपर्यंत आईबापांच्या स्थितींत मुलाच्या जन्मानें कांहीं फरक पडत नाहीं; त्यांची हद्दपारीहि टळत नाहीं. हा नियम आईबापांस जवळजवळ कांहींच देत नाहीं. तो एवढेंच करतो कीं, त्यांचें परकेपण त्यांच्याबरोबर संपवितो.

पण तेवढें तरी तो सुखासुखीं करतो काय? वाँगचें पुढील आयुष्य पाहिलें म्हणजे विजयाचा आनंद ओसरतो. सर्वोच्च न्यायालयानें ज्याचें नांव घेऊन नागरिकत्व जाहीर केलें त्याच माणसास १९०१ सालीं, टेक्सासमधील एल पासो येथें, बेकायदा चिनी म्हणून अटक झाली, आणि सुटका होण्यास कांहीं महिने लागले. त्याच्या पत्नीचें व मुलांचें वास्तव्य चीनमध्यें होतें. नागरिकाचीं परदेशीं जन्मलेलीं मुलें रक्ताच्या नियमानें नागरिक ठरत, म्हणून १९१० सालीं त्याचा थोरला मुलगा सॅन फ्रान्सिस्कोस आला. बापलेकांच्या जबान्यांत फरक पडला या कारणास्तव तो त्याचा मुलगाच नव्हे असें ठरवून त्याला परत पाठविण्यांत आलें. धाकट्या तिघांस पुढें प्रवेश मिळाला. १९३१ सालीं वाँग स्वतः चीनला गेला तो पुनः आला नाहीं.

या जबान्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. १९०६ च्या भूकंपांत व आगींत सॅन फ्रान्सिस्कोचें सरकारी दप्तर जळालें. त्यानंतर आपण येथेंच जन्मलों असें सांगणाऱ्या चिनी माणसाचें म्हणणें खोडून काढणें सरकारास अवघड झालें, आणि नात्यानें नव्हे तर केवळ कागदावर पुत्र झालेले अनेक तरुण या वाटेनें आले. याचा परिणाम खऱ्या पुत्रांस भोगावा लागला. सॅन फ्रान्सिस्कोजवळील एंजल बेटावर १९१० पासून १९४० पर्यंत जें ठाणें होतें तेथें मुलांस विचारीत: तुमच्या गांवच्या घरास पायऱ्या किती? खिडक्या कोणत्या दिशेस? तांदळाची कणगी कोठें असे? विहीर घरापासून किती लांब? तेच प्रश्न बापास वेगळें बसवून विचारीत. बाप अनेक वर्षें परदेशीं राहिलेला, मुलगा लहान. एखाद्या खिडकीचा फरक पडे आणि नातें तुटे. जन्मानें मिळालेला हक्क जन्मानें सिद्ध होत नाहीं. तो कागदानें सिद्ध करावा लागतो, आणि कागद मागण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो त्याची मर्जी फिरली म्हणजे हक्क असून नसल्यासारखा होतो.

हिंदी लोकांच्या वांट्यास याच इतिहासाचें दुसरें पान आलें. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत नोकरी केलेले भगतसिंग थिंद यांचें नागरिकत्व सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी १९२३ मध्यें नाकारलें. हिंदी माणूस हा सर्वसामान्य समजुतीप्रमाणें 'गोरा' नव्हे, असें त्याचें कारण दिलें. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित, ज्यांचें नांव मराठी कानास ओळखीचें वाटेल, ते स्वतः १९१४ सालीं नागरिक झालेले होते. थिंद-निकालानंतर सरकारनें त्यांचेंहि नागरिकत्व काढून घेण्यासाठीं खटला भरला. तो पंडितांनीं जिंकला, पण अनेक हिंदी लोकांचें नागरिकत्व रद्द झालें. नागरिकत्व दिलें जातें तेव्हां तें परतहि घेतां येतें. जन्मानें आलेलें मात्र असें सहज हिरावून घेतां येत नाहीं, हें जपानी कुटुंबांच्या उदाहरणावरून दिसेल. नागरिक होण्यास अपात्र असलेल्यांनीं जमीन धारण करूं नये असा कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा होता. काजिरो ओयामा या शेतकऱ्यानें १९३४ सालीं सहा एकर जमीन आपल्या सहा वर्षांच्या, तेथेंच जन्मलेल्या मुलाच्या नांवें घेतली. १९४२ सालीं युद्धाच्या भयानें सुमारें एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांस घरें सोडावयास लावण्यांत आलें. त्यांपैकीं जवळजवळ दोन तृतीयांश जन्मानें नागरिक होते. ओयामा कुटुंब असें दूर गेलेलें असतां राज्यानें १९४४ सालीं ती जमीन जप्त करण्याचा दावा लावला. जानेवारी १९४८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, बाप कोणत्या वंशाचा यावरून नागरिक असलेल्या मुलाची मिळकत हिरावतां येणार नाहीं. घर सोडून जाण्यापासून त्या मुलास त्याचें नागरिकत्व वांचवूं शकलें नाहीं. पण जमीन त्यानेंच वांचविली. हक्काचें सामर्थ्य आणि त्याची दुर्बलता हीं एकाच कुटुंबांत अशीं शेजारीं शेजारीं दिसतात.

आतां आपल्या घराकडे वळूं. एप्रिल १९४७ मध्यें घटनासमितीपुढें हा विषय आला तेव्हां सरदार वल्लभभाई पटेल यांनीं सांगितलें होतें कीं, नागरिकत्वाची एक कल्पना विशाल आहे व एक संकुचित. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेल्या हिंदी मुलांसाठीं आपण तेथील नागरिकत्व मागतों, तर आपणच घरीं संकुचित दृष्टि ठेवणें शोभणार नाहीं. फाळणीनें ही विशालता कसास लावली. १० ऑगस्ट १९४९ रोजीं नागरिकत्वाचीं कलमें मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं सांगितलें कीं, मसुदा समितीस इतका डोकेदुखीचा विषय क्वचितच दुसरा झाला. तरीहि १९५५ च्या कायद्यानें, अल्प अपवाद सोडून, भारतांत जन्मणाऱ्या प्रत्येकास नागरिक ठरविलें. पुढें आसामांतील आंदोलन झालें, १९८५ चा करार झाला, आणि दुरुस्ति होऊन १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकीं एक तरी नागरिक असणें आवश्यक ठरलें. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरें बेकायदा स्थलांतरित नसलें पाहिजे, अशीहि अट आली. ज्या इंग्लंडांतून हा नियम निघाला त्यानेंहि १ जानेवारी १९८३ पासून तो निर्बंधित केला, आणि आयर्लंडनें २००४ च्या सार्वमतानें. म्हणजे कॅल्व्हिनच्या देशानें टाकलेला नियम अमेरिकेंत टिकला, याचें कारण तेथें तो गुलामगिरीच्या प्रायश्चित्तासाठीं घटनेंत लिहिला गेला होता.

आमच्या सुशिक्षित मराठी कुटुंबांस या गोष्टीचा विचार करणें थोडें अवघड जाईल, पण तो केला पाहिजे. परवाना 'तात्पुरता' खरा. परंतु एकेका देशाच्या वांट्यास येणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांवर सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळें भारतीयांस 'ग्रीन कार्डा'साठीं कित्येक वर्षें, कित्येकदां दशकेंहि, वाट पाहावी लागते. तेवढ्या काळांत मूल बोलावयास लागतें, शाळेंत जातें, मिसरूड फुटतें. अशा मुलास भारताचें नागरिकत्व वंशानें मिळूं शकतें, जन्मापासून वर्षाच्या आंत वकिलातींत नोंद केली तर. तेव्हां तें निराधार होत नाहीं हें खरें. पण ज्या गांवांत तें वाढलें तेथील त्याचें राहणें बापाच्या नोकरीच्या दोरीस टांगलेलें राहतें. या मुलांसाठीं आपला जीव तुटतो, आणि तो तुटावा हें योग्यच आहे. मात्र त्याच वेळीं मुंबईच्या किंवा गुवाहाटीच्या एखाद्या वस्तींत जन्मलेल्या, आईबापांचे कागद धड नसलेल्या मुलाविषयीं आपण 'त्याच्या बापास कोणीं बोलाविलें होतें?' असें विचारीत असूं, तर कोवन आणि फुलर यांचाच युक्तिवाद आपण मराठींत बोलत असतों. दोन्ही बाजूंस निरनिराळे नियम असावेत असें म्हणण्यास कारणें देतां येतील. सीमा, लोकसंख्या, फाळणीचा इतिहास, हीं खरीं कारणें आहेत. पण सरदारांनीं जो न्याय सांगितला तो या कारणांनीं खोटा ठरत नाहीं. जें माप आपल्या मुलासाठीं परदेशीं मागावयाचें, तेंच दुसऱ्याच्या मुलासाठीं घरीं हातांत धरून पाहावें.

वाँग किम आर्क हा मोठा पुरुष नव्हता. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, चळवळ उभारली नाहीं. कामावर परत जाण्यासाठीं त्याला बोटीवरून उतरावयाचें होतें, एवढेंच. पण त्याच्या खटल्यानें एक गोष्ट सव्वाशें वर्षांपूर्वीं नोंदवून ठेवली: बापाचें कर्ज मुलानें फेडावें कीं नाहीं याविषयीं स्मृतिकारांत मतभेद असतील, बापाचें परकेपण मात्र मुलानें फेडूं नये. निरनिराळीं राष्ट्रें आपापल्या भयाप्रमाणें हा नियम अरुंद करीत आलीं आहेत, आणि पुढेंहि करतील. तो अरुंद करतांना बोटीवर कोण उभें आहे, एवढें तरी त्यांनीं पाहावें.